लिंक्स ब्राउझर कानाने वापरायचा असेल तर काय काय बदलावं

इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. भाचा पूर्ण दृष्टिहीन, बी.ए.ला आहे. २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. फायरफॉक्स उघडला की मशीन गुदमरतं. म्हणून तुम्ही त्यावर ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय डेबियन लिनक्स टाकलंत, स्पीकअप हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) आणि ई-स्पीक एनजीचा आवाज बसवलात, आणि वेबसाठी लिंक्स हा नुसता मजकूर दाखवणारा ब्राउझर दिलात. आता तक्रारी तीन. आवाज सारखा ‘स्टार’, ‘अंडरस्कोअर’ करत राहतो. आपण कोणत्या दुव्यावर आहोत ते त्याला कळत नाही. आणि नवा पत्ता टाकायला ‘जी’ दाबलं की कधी चालतं, कधी काहीच होत नाही.

तिन्ही गोष्टी सेटिंगने सुटतात. मी स्वतः रोज स्क्रीन रीडरवरच काम करतो, त्यामुळे खाली लिहितोय ते सगळं माझ्या कानाखालून गेलेलं आहे.

दोन खुलासे आधीच करतो. याच उच्चाराचे दोन ब्राउझर आहेत. मी बोलतोय तो एल-वाय-एन-एक्स. दुसरं, पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, कारण हे उत्तर ऐकून वाचणाऱ्याचा आवाज मध्येच इंग्रजीवर उड्या मारू नये. फाइलमध्ये ती रोमन मोठ्या अक्षरांत लिहायची, दोन शब्दांच्या मधे अंडरस्कोअर, मग अपूर्णविराम आणि मग किंमत.

‘मजकुरी ब्राउझर आहे, म्हणजे अंधांसाठी तयारच आहे’ असा एक समज आहे. तो मला पटत नाही. लिंक्स १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात सुरू झाला आणि आजही त्याची देखभाल चालू आहे. इतका जुना ब्राउझर दुसरा कुठलाही टिकलेला नाही. पण तो बांधला गेला ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच अशा पडद्यासाठी, म्हणजे डोळ्यांसाठीच. निवडलेला दुवा उलट्या रंगात दिसतो, तळाशी मदतीच्या ओळी असतात, स्टेटसच्या ओळीत काही ना काही हलत असतं. डोळा नको ते वगळतो, कानाला ती सोय नाही. जे बोललं जाईल ते सगळं ऐकावंच लागतं. म्हणून इथे कस्टमायझेशन म्हणजे मुख्यतः आवाज बंद करायच्या जागा शोधणं. नवीन सोयी जोडायचं काम त्यानंतरचं.

सुरुवात स्वतःच्या कॉन्फिग फाइलपासून, म्हणजे सेटिंग लिहिलेल्या फाइलपासून करा. डेबियनमध्ये मूळ फाइल ‘इटीसी’ खालच्या ‘लिंक्स’ फोल्डरमध्ये असते. ती प्रचंड लांब आहे आणि जवळजवळ सगळी टिपणांनी भरलेली आहे. तिच्यात हात घालू नका; अपडेट आला की गोंधळ होतो. भाच्याच्या होम फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करा. तिची पहिली ओळ ‘इन्क्लूड’ आणि पुढे मूळ फाइलचा पूर्ण मार्ग. त्याखाली फक्त आपले बदल. मग ‘लिंक्स सीएफजी’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याच्या प्रोफाइल फाइलमध्ये ठेवून या छोट्या फाइलकडे वळवा. वीस-पंचवीस ओळींची फाइल भाचा स्वतः ऐकून तपासू शकतो. हजारो ओळींची नाही.

आता पहिली ओळ, आणि एकच ओळ लिहायची वेळ आली तर हीच लिहा: ‘शो कर्सर’ ट्रू. लिंक्स मुळात कर्सर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो, म्हणजे तो डोळ्यांना खुपत नाही. पण स्पीकअप काय, ब्रेलसाठीचा बीआरएल-टीटीवाय काय, किंवा विंडोजवरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर काय, सगळे कर्सरच्या मागे जातात. कर्सर कोपऱ्यात, तर आवाजही कोपऱ्यात. ‘आपण कुठे आहोत कळत नाही’ ही तक्रार इथून येते. हा पर्याय चालू केला की कर्सर निवडलेल्या दुव्याच्या पहिल्या अक्षरावर येऊन बसतो, आणि खालचा बाण दाबला की स्क्रीन रीडर तिथूनच वाचायला लागतो.

दुसरा बदल वापरकर्त्याच्या पातळीचा. ‘डीफॉल्ट यूजर मोड’ मुळात ‘नॉव्हिस’ असतो. त्यात तळाच्या दोन ओळींत बाणांची आणि कळांची मदत कायम लिहिलेली असते. अख्खा पडदा वाचायला लावला की दर वेळी ती मदतही ऐकावी लागते. पुष्कळ जण मग उत्साहाने ‘ॲडव्हान्स्ड’ करतात. ते करू नका. त्यात प्रत्येक दुव्यावर गेलं की त्याचा पूर्ण पत्ता तळाशी उमटतो, आणि बदललेला मजकूर आपोआप वाचणारा स्क्रीन रीडर ‘एचटीटीपीएस कोलन स्लॅश स्लॅश’ पासून सुरुवात करतो. मधला ‘इंटरमीडिएट’ हाच कानाला बरा. पत्ता हवाच असेल तर बरोबरचं चिन्ह (=) दाबलं की पानाची आणि दुव्याची सगळी माहिती मिळते; मागितली तेव्हाच, न मागता नाही.

याच जातीचे आणखी काही बदल एका दमात सांगतो. ‘पार्शल’ फॉल्स करा. नाही तर पान उतरत असतानाच तुकड्यातुकड्याने पडद्यावर येतं आणि आवाज अर्धं वाक्य टाकून पुन्हा वरून सुरू करतो. ‘ओ’ दाबून येणाऱ्या पर्यायांच्या पानावर ट्रान्सफर रेट दाखवणं बंद करा. ‘इतके केबी वाचले’ हे पुन्हा पुन्हा ऐकून काय करायचं आहे? ‘नो मार्जिन्स’ आणि ‘नो टायटल’ हे दोन्ही ट्रू केले की डावी-उजवी रिकामी जागा आणि माथ्यावरची शीर्षकाची ओळ जाते. ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटाने वाचायच्या ठिपक्यांच्या पट्टीवर, वाचणाऱ्याला याचा फायदा जास्त, कारण तिच्या ४० घरांतली प्रत्येक रिकामी जागा म्हणजे बोटाची फुकट खेप. ‘स्क्रोलबार’ चालू असेल तर बंद. ‘ॲक्सेप्ट ऑल कुकीज’ ट्रू, नाही तर दर संकेतस्थळावर तळाच्या ओळीत ‘कुकी घेऊ का’ हा प्रश्न येऊन थांबतो, तो ऐकू आला नाही की मशीन अडकलंय असं वाटतं. गोपनीयतेच्या दृष्टीने हे आदर्श नाही, हे मान्य. पण न ऐकलेल्या प्रश्नापुढे बसून राहण्यापेक्षा बरं.

चित्रांचं थोडं वेगळं आहे. वर्णन न दिलेल्या चित्राच्या जागी लिंक्स चौकटी कंसात ‘इनलाइन’ असा शब्द घालतो. वर्तमानपत्राच्या पानावर हा शब्द किती वेळा येत असेल याची कल्पना करा. चौकटी कंसाची डावी कळ ([) दाबली की हे खोटे शब्द जातात, पुन्हा दाबली की येतात, फाइलमध्ये कायमचं बंद करायला ‘मेक स्यूडो आल्ट्स फॉर इनलाइन्स’ फॉल्स. ‘व्हर्बोज इमेजेस’ हा पर्याय चित्राच्या फाइलचं नाव वाचून दाखवतो. तो रोजच्या वापरात बंदच ठेवा, नाही तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने दिलेली लांबलचक आकडेवारी ऐकत बसावं लागतं. मात्र एखाद्या पानावर दुवे म्हणून नुसती चित्रंच असतील तेव्हा तो चालू करून बघावा. फाइलच्या नावात ‘होम’ किंवा ‘सबमिट’ असं काहीतरी सापडतं आणि काम निभावतं.

‘स्टार’ आणि ‘अंडरस्कोअर’ कुठून येतात? यादीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे लिंक्स तारका घालतो, आतल्या यादीला अधिकचं चिन्ह, त्याच्या आत रोमन ‘ओ’. आडवी रेघ आणि फॉर्ममधली रिकामी जागा तो अंडरस्कोअरच्या रांगेने दाखवतो. हे ब्राउझरमध्ये बदलण्यापेक्षा स्क्रीन रीडरमध्ये आवरणं सोपं. स्पीकअपच्या सेटिंग ‘सिस’ खालच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि त्याखालच्या ‘स्पीकअप’ फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणून असतात. त्यातल्या ‘पंक लेव्हल’ आणि ‘रीडिंग पंक’ या दोन फाइलींत लहान आकडा लिहिला की विरामचिन्हांची बडबड उतरते.

पण चौकटी कंसही बोलला जाणार नाही इतकी ती उतरवू नका. का, ते दुवे कसे ओळखायचे यात आहे. डोळस माणसाला दुवा रंगावरून कळतो. कानाला सगळं एकाच आवाजात येतं. म्हणून ‘डीफॉल्ट कीपॅड मोड’ बदलून दुव्यांना आणि फॉर्मच्या जागांना, दोन्हींना क्रमांक देणारा पर्याय घ्या: ‘लिंक्स अँड फील्ड्स आर नंबर्ड’. मग प्रत्येक दुव्यापुढे चौकटी कंसात क्रमांक येतो. १२ टाइप करून एंटर केलं की बाराव्या दुव्यावर थेट उडी. १२ आणि मग ‘जी’ दाबलं तर तो न उघडता नुसता त्याच्यावर जाऊन थांबतो. स्पीकअपमध्ये आणखी एक फायदा होतो. मूळ सेटिंगमध्ये आकडे म्हणजे बाण असतात, आणि स्पीकअपही आकड्यांचा कीपॅड स्वतःच्या पडदा-वाचनासाठी वापरतो. एकाच कळांवर दोघांचा डोळा. क्रमांक चालू केले की ही मारामारी संपते.

आता विरामचिन्हं पूर्ण बंद असतील तर काय ऐकू येतं ते पाहा. पानावर आहे: ‘२०१६ चा [12]दिव्यांग हक्क कायदा’. कानाला येतं: ‘दोन हजार सोळाचा बारा दिव्यांग हक्क कायदा’. बारा कायदे की बारावा दुवा? म्हणून चौकटी कंस ऐकू आलाच पाहिजे, फक्त ‘लेफ्ट ब्रॅकेट’ एवढं लांबण लावून नको. स्पीकअपमध्ये यावर छान उपाय आहे. त्याच फोल्डरच्या आत ‘आय-एटीन-एन’ या उपफोल्डरमध्ये ‘कॅरेक्टर्स’ नावाची फाइल आहे. तिथे प्रत्येक चिन्हाचं बोलायचं नाव बदलता येतं. उघडणाऱ्या चौकटी कंसाचा क्रमांक ९१. त्याचं नाव नुसतं ‘लिंक’ असं ठेवलं की वरची ओळ ‘दोन हजार सोळाचा लिंक बारा दिव्यांग हक्क कायदा’ अशी ऐकू येते. (भाचा पुढे प्रोग्रॅमिंगकडे वळला तर हा बदल त्याला काढावा लागेल, ॲरेच्या प्रत्येक कंसाला ‘लिंक’ ऐकणं म्हणजे छळ.) हे बदल मशीन बंद केलं की पुसले जातात. स्पीकअपच्या साधनांसोबत येणारा ‘स्पीकअप-कॉन्फ’ हा आदेश ते साठवतो आणि परत लावतो. पुढच्या वेळी मशीन चालू होताना तो आपोआप चालेल अशी व्यवस्था करून द्या.

‘जी’ कधी चालतं, कधी नाही, या कोड्याचं उत्तर ‘टेक्स्टफील्ड्स नीड ॲक्टिव्हेशन’. शोधपेटीवर कर्सर पडला की लिंक्स समजतो की तुम्हाला तिथे टाइप करायचंय. मग ‘जी’ हे पत्ता मागणारी आज्ञा राहत नाही, पेटीतलं एक अक्षर होतं. डोळस माणसाला पेटीत अक्षर उमटलेलं दिसतं. भाच्याला फक्त ‘काहीच झालं नाही’ एवढंच कळतं, आणि तो आणखी दोन-चार कळा दाबून पेटी भरून ठेवतो. हा पर्याय ट्रू केला की आधी एंटर दाबल्याशिवाय पेटीत काही लिहिलंच जात नाही. अंध वापरकर्त्यासाठी हाच पर्याय मुळात चालू असायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

फॉर्ममधल्या खाली उघडणाऱ्या याद्यांबद्दल मात्र माझं मत पक्कं नाही; वापरणाऱ्यावर आहे. लिंक्स अशी यादी पानावर तरंगणाऱ्या छोट्या चौकटीत उघडतो आणि काही स्क्रीन रीडर तिथे चुकतात, चौकटीतलं आणि मागच्या पानावरचं एकाच ओळीत वाचतात. ‘सिलेक्ट पॉपअप्स’ फॉल्स केलं की चौकट न उघडता सगळे पर्याय पानावरच एकाखाली एक येतात. जिल्ह्यांची यादी असेल तर महाराष्ट्राचे ३६ जिल्हे ३६ ओळींत पसरतात. पण शोध वापरला तर ३६ ओळींचं काही वाटत नाही: तिरकी रेघ (/), मग ‘सातारा’, एंटर.

आणि शोध वापरायला शिकवणं हे सगळ्या सेटिंगपेक्षा मोठं काम आहे. लिंक्स पानाची सजावट सांगणारी सीएसएस वाचतच नाही. त्यामुळे डोळस माणसाला बंद दिसणारे सगळे मेनू इथे पूर्ण उघडे असतात. एखाद्या बातमीच्या पानावर बातमीआधी चार-पाच पडदे भरून नुसते विभागांचे दुवे येतात. एनव्हीडीए असलेल्या फायरफॉक्समध्ये ‘एच’ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जाता येतं. लिंक्समध्ये ती सोय नाही. इथे मथळ्यातला एखादा शब्द लक्षात ठेवायचा, तिरकी रेघ दाबून तो शोधायचा, ‘एन’ दाबून पुढच्या ठिकाणी जायचं. विकिपीडियावर ‘संदर्भ’ शोधा, थेट तळाशी. निकालाच्या पानावर स्वतःचा बैठक क्रमांक शोधा. बाण दाबत बसणारा मुलगा आणि शोधत जाणारा मुलगा यांच्यात वेगाचा जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगने भरून निघत नाही. ‘एल’ दाबलं की पानावरच्या सगळ्या दुव्यांची वेगळी यादी येते, तीही याच पद्धतीने चाळता येते.

सुरुवातीचं पान भाच्याच्या नावाचं करून द्या. साधी एचटीएमएल फाइल, तिच्यात त्याला रोज लागणारे दहा-बारा दुवे, आणि ‘स्टार्टफाइल’ तिच्याकडे वळवा. क्रमांक चालू असल्यामुळे प्रत्येक जागेला कायमचा आकडा मिळतो: १ म्हणजे मराठी विकिपीडिया, २ म्हणजे विद्यापीठ, ३ म्हणजे शोधयंत्र. क्रम एकदा ठरला की बदलू नका, नवा दुवा नेहमी शेवटी जोडा. शोधयंत्र म्हणून डकडकगोची ‘लाइट’ आवृत्ती ठेवा. गूगल शोधाने २०२५ च्या सुरुवातीपासून जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा कोड) सक्तीची केली, त्यामुळे लिंक्समधून तो आता उपयोगाचा नाही. ‘प्रेफर्ड लँग्वेज’ मध्ये आधी मराठीचा कोड ‘एमआर’, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम दिला की ज्या संकेतस्थळांना भाषा ओळखता येते ती मराठी पान देतात.

मराठीचा विषय निघालाच आहे. लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर, म्हणजे ग्राफिकल डेस्कटॉपशिवायच्या मजकुरी पडद्यावर, एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचा फॉन्ट बसतो आणि त्यात देवनागरी नसते. अंध माणसाला दिसण्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण कन्सोलचा स्क्रीन रीडर पडद्याच्या मेमरीतूनच अक्षरं उचलतो, आणि फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर तिथपर्यंत पोचतच नव्हतं. २०१८ मध्ये लिनक्स कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीत पडद्याची युनिकोड मेमरी आली (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक). बीआरएल-टीटीवाय ती वापरतो. म्हणजे ब्रेल डिस्प्ले असेल तर मराठी पानं वाचायला तो रस्ता आहे. नुसत्या आवाजासाठी मात्र मी कन्सोलवर विसंबत नाही, मजकूर बाहेर काढून थेट ई-स्पीकला देतो. लिंक्सला ‘डम्प’ आणि ‘नोलिस्ट’ हे दोन पर्याय दिले की तो पान उघडत बसत नाही, सगळा मजकूर साध्या अक्षरांत बाहेर फेकतो आणि शेवटची दुव्यांची यादी गाळतो. तो पाइपने (एका आदेशाचा मजकूर थेट दुसऱ्याला देणाऱ्या उभ्या रेघेने) ‘ई-स्पीक एनजी’ला द्यायचा आणि आवाज ‘एमआर’ निवडायचा. हिंदी आवाज ठेवला तर मराठी हिंदीच्या वळणाने वाचली जाते, आणि ‘ळ’ची वाट लागते. या सगळ्याला ‘वाच’ असं एकाक्षरी-दोनाक्षरी नाव देऊन शेलमध्ये फंक्शन करून ठेवा. पुढे पत्ता लिहिला की काम झालं. ई-स्पीकचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रुक्षच वाटतो. पण वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत, म्हणून रोज ऐकणारे तोच घेतात. कन्सोलवर चालवायच्या आधी मशीनचं लोकेल युटीएफ-८ आहे आणि लिंक्समध्ये ‘लोकेल कॅरसेट’ ट्रू आहे एवढं बघून घ्या.

एक त्रास कुठल्याच सेटिंगने जात नाही. जुन्या मराठी पानांवर आणि दस्तऐवजांत युनिकोड नसतं. श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. डोळ्याला मराठी दिसते, आत रोमन अक्षरांचा भुसा असतो आणि आवाज तोच वाचतो. अशा वेळी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर वापरायचे. पीडीएफ असेल आणि आत खरा मजकूर असेल तर ‘पीडीएफ-टू-टेक्स्ट’ने तो निघतो. स्कॅन केलेलं पान असेल तर टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी ओळखतं. छापील मजकुरावर चांगलं चालतं, वाकड्या स्कॅनवर आणि शिक्क्याखालच्या अक्षरांवर घसरतं.

आता लिंक्सच्या मर्यादा. त्यात जावास्क्रिप्ट नाही. बँक, रेल्वेचं तिकीट, परीक्षेचा अर्ज, पैसे भरणं, यातलं काही लिंक्समधून करायला लावू नका. शिवाय आजची नीट बांधलेली पानं एरिया नावाच्या खुणा वापरून स्क्रीन रीडरला ‘हे बटण आहे, याचं नाव हे’ असं सांगतात. लिंक्सला त्या कळत नाहीत, त्यामुळे नुसतं चिन्ह असलेलं बटण तिथे मुकंच राहतं. अशा कामांना घरातल्या दुसऱ्या, विंडोजच्या मशीनवर फायरफॉक्स आणि एनव्हीडीए हीच जोडी ठेवा. दोन्ही मोफत आहेत. लिंक्स वाचनासाठी: विकिपीडिया, लेख, ब्लॉग, नोट्स, सॉफ्टवेअरची कागदपत्रं. तिथे तो त्या २ जीबीच्या मशीनवर फायरफॉक्सला सहज मागे टाकेल. डब्ल्यू-थ्री-एम नावाचा दुसरा मजकुरी ब्राउझर कुणी सुचवेल. त्याचा कर्सर पानावर कुठेही अक्षराअक्षराने फिरतो, ही गोष्ट चांगली. पण तो तक्त्याचे स्तंभ शेजारीशेजारी मांडतो, आणि ओळीने वाचणारा आवाज डाव्या स्तंभातलं अर्धं वाक्य उजव्यातल्या अर्ध्याला जोडतो. लिंक्स गुंतागुंतीचे तक्ते उलगडून एकाखाली एक टाकतो. डोळ्यांना हा त्याचा दोष, कानाला मोठाच गुण.

भाच्याला कमांड लाइनची गोडी लागली तर पुढे दोन रस्ते आहेत. एक एडब्राउझ. कार्ल डाहलके या अंध प्रोग्रॅमरने तो लिहिला. त्यात पडदा ही कल्पनाच नाही. ‘बी’ आणि पत्ता दिला की पान उतरतं आणि फक्त त्याचा आकार सांगितला जातो, बाकी शांत. तिरकी रेघ आणि शब्द दिला की तो शब्द असलेली ओळ बोलली जाते. दुवा महिरपी कंसात येतो, ‘जी’ दाबलं की उघडतो. फॉर्मच्या ओळीवर ‘आय’, बरोबरचं चिन्ह आणि मजकूर दिला की जागा भरली जाते. जे मागाल तेवढंच बोलतो, आणि जावास्क्रिप्टही बऱ्यापैकी पेलतो. शिकायला मात्र चिकाटी लागते. जुन्या ‘एड’ या ओळ-संपादकाच्या धाटणीवर सगळं आहे.

दुसरा रस्ता ईमॅक्सपीक, म्हणजे ईमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलतं करणारी जोड, आणि त्याचा धागा पुण्याशी आहे. तो १९९५ साली टी. व्ही. रामन यांनी आणला. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, वाडिया कॉलेजमधून गणितात पदवी, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलची पीएच.डी. ईमॅक्सपीक पडद्यावर काय उमटलं ते वाचत नाही, संपादकाच्या आतूनच बोलतो. म्हणून मथळा एका आवाजात, दुवा दुसऱ्या आवाजात असं करता येतं. वर चौकटी कंसासाठी केलेली सगळी खटपट तिथे लागतच नाही. ईमॅक्समधल्या ‘ईडब्ल्यूडब्ल्यू’ या ब्राउझरमध्ये मोठं ‘आर’ दाबलं की मेनू-जाहिराती गाळून लेखाचा मुख्य भाग उरतो. जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. पण ईमॅक्स शिकणं म्हणजे एक वेगळा अभ्यासक्रमच आहे, तेव्हा परीक्षा तोंडावर असताना सुरू करू नका.

बदल करताना सगळी फाइल एकदम भरू नका. आधी कर्सर आणि मजकूरपेटीचे दोन पर्याय लावा, दोन-तीन दिवस त्याला वापरू द्या, मग क्रमांक, मग बाकीची शांतता. एखादा बदल लागलाच नाही असं वाटलं तर ‘शो सीएफजी’ हा पर्याय देऊन लिंक्स चालवा. तो सध्या कुठल्या सेटिंग वाचल्या आहेत ते छापून दाखवतो. तिथे बरोबर असूनही वागणूक जुनीच असेल, तर होम फोल्डरमधली ‘लिंक्स-आरसी’ ही टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल बघा. ‘ओ’च्या पानावरून कधी काळी सेव्ह केलेल्या किमती तिच्यात असतात आणि त्या तुमच्या फाइलीवर मात करतात. त्यातली ती ओळ काढा, किंवा ‘ओ’च्याच पानावर किंमत बदलून ‘सेव्ह ऑप्शन्स टू डिस्क’ वर खूण करून स्वीकारा.